अमेरिकेचं राजकारण समजून घ्यायचंय? प्रेसिडेंटच्या यादीपासून सुरुवात करू नका

दर चार वर्षांनी नोव्हेंबरातल्या एका बुधवारी सकाळी आपल्याकडे टीव्हीवर तो लाल-निळा नकाशा सुरू होतो आणि मग आठवडाभर तेच प्रश्न फिरत राहतात. जास्त मतं मिळूनसुद्धा माणूस हरतो कसा, लिंकन रिपब्लिकन होता तर आज काळे मतदार बहुतेक डेमोक्रॅटिक पक्षाकडे कसे, आणि प्रेसिडेंट एवढा ताकदवान म्हणतात तर त्याची बिलं वर्ष-वर्ष अडकतात का. प्रश्न अगदी बरोबर आहेत, पण उत्तरं शोधायला बहुतेक जण वॉशिंग्टनपासून आजपर्यंतची प्रेसिडेंटची यादी घेऊन बसतात, ते करू नका. मी तेच केलं होतं. वहीत नावं, सनावळ्या, पक्ष सगळं लिहून काढलं, पाठ पण झालं, आणि तरी रंगभेद बंद करणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा १९६४ लाच का झाला, त्याच्या आधी का नाही झाला हे मला सांगता येईना. कारण ते त्या यादीत नसतंच, ते काँग्रेसच्या मतमोजणीत असतं.

आणि हा क्रम माझ्या मनाचा नाहीये. त्यांची राज्यघटना १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिली गेली, तिचं पहिलं कलम काँग्रेसचं आहे आणि प्रेसिडेंट दुसऱ्या कलमात येतो. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

पायरी १: आधी शब्दांचा घोळ मिटवा

काँग्रेस म्हणजे तिथली संसद, पक्ष नाही. हे सोपं वाटतं पण मराठी बातमीत "काँग्रेसने विरोध केला" असं वाचलं की आपलं डोकं आपोआप दुसरीकडेच जातं, म्हणून पहिले काही दिवस मनातल्या मनात तिथे "संसद" वाचा. तिची दोन सभागृहं, हाऊस आणि सिनेट.

"सेक्रेटरी" म्हणजे आपल्याकडचा मंत्रालयातला सचिव नाही, तो मंत्री. सेक्रेटरी ऑफ स्टेट हा परराष्ट्रमंत्री. पण प्रत्येक राज्याचाही सेक्रेटरी ऑफ स्टेट असू शकतो आणि बऱ्याच राज्यांत तो निवडणुका बघतो, तेव्हा जॉर्जियाच्या बातमीत हे पद दिसलं तर परराष्ट्र खात्याशी काही संबंध नाही. "गव्हर्नर" म्हणजे आपला राज्यपाल नाही, तो लोकांनी निवडलेला असतो, कामाने मुख्यमंत्र्याच्या जवळचा. "ॲडमिनिस्ट्रेशन" म्हणजे प्रशासन नाही, सरकार, म्हणजे त्या त्या प्रेसिडेंटचं सरकार.

आणि सगळ्यात फसवा शब्द म्हणजे "टेबल". आपल्या विधिमंडळात एखादा कागद पटलावर ठेवला म्हणजे तो सभागृहासमोर आला. तिकडे बिल टेबल केलं म्हणजे ते बाजूला सारलं, बहुतेक वेळा कायमचं. जुन्या चर्चा वाचताना हा एक शब्द उलटा घेतला तर अख्खी गोष्ट उलटी कळते.

पायरी २: सहा आकडे पाठ करा

४३५, १००, २१८, ६०, ६७ आणि २७०. एवढेच.

हाऊसमध्ये ४३५ जण, लोकसंख्येप्रमाणे, मुदत फक्त दोन वर्षं, त्यामुळे हा माणूस कायम निवडणुकीच्याच तयारीत. हा आकडा १९११ च्या कायद्याने ठरला आणि आजही तोच आहे, देशाची लोकसंख्या तेव्हाच्या तिपटीच्या पुढे गेली तरी. २१८ म्हणजे तिथलं बहुमत.

सिनेटमध्ये १००, प्रत्येक राज्याचे दोन, मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागांची निवडणूक. मुदतीपुरती ही आपल्या राज्यसभेसारखीच वाटेल पण साम्य तिथेच संपतं. राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १, तिथे मात्र जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाचे दोन आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगचेही दोनच. लहान राज्यं १७८७ मध्ये याच अटीवर घटनेला तयार झाली होती. आणि १९१३ पर्यंत सिनेटर लोक निवडतच नव्हते, राज्यांची विधिमंडळं निवडायची, १७ व्या घटनादुरुस्तीनंतर ते थेट लोकांच्या मताने निवडून यायला लागले. म्हणजे १९१३ च्या आधीचा कुठलाही सिनेटर वाचताना त्याला भीती मतदारांची नव्हती, आपल्या राज्यातल्या आमदारांची होती, हे ध्यानात ठेवा.

६७ म्हणजे सिनेटची दोन तृतीयांश, प्रेसिडेंटचा व्हेटो (नकाराधिकार) फिरवायला किंवा महाभियोगात त्याला काढायला लागते (सगळे हजर असतील तर). ६० चा आकडा घटनेत कुठेच नाहीये, तो सिनेटच्या स्वतःच्या नियमाचा आहे, त्याच्यावर पुढे येतोच. २७० म्हणजे प्रेसिडेंट व्हायला लागणारी इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यांच्या वाट्याला आलेली मतं, एकूण ५३८ पैकी. ही ५३८ कुठून आली, तर ४३५ अधिक १०० अधिक १९६१ च्या घटनादुरुस्तीने राजधानीला दिलेली ३.

पायरी ३: प्रत्येक काँग्रेसला नंबर असतो, तो काढायला शिका

ही युक्ती कोणी सांगत नाही आणि हिने खूप वेळ वाचतो. दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस बसते आणि तिला नंबर मिळतो. नंबर दुप्पट करा, त्यात १७८७ मिळवा, की ती कुठल्या वर्षी बसली ते येतं. ८८ वी काँग्रेस, १७६ अधिक १७८७, म्हणजे १९६३. ११९ वी म्हणजे २०२५. बिलांचे नंबर प्रत्येक काँग्रेसमध्ये पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे नुसता बिल नंबर घेऊन शोधलं तर भलतंच बिल हाती येतं, काँग्रेसचा नंबर सोबत हवाच. आणि दोन वर्षांत पास न झालेलं बिल मेलं, पुढच्या काँग्रेसमध्ये ते नव्याने आणावं लागतं. विरोधकांची अर्धी लढाई म्हणूनच नुसता वेळ काढण्याची असते.

एक तारखेची गोष्ट. १९३३ च्या २० व्या घटनादुरुस्तीच्या आधी नवा प्रेसिडेंट ४ मार्चला यायचा, आता २० जानेवारीला येतो. लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आला आणि मार्च १८६१ मध्ये शपथ घेईपर्यंत सात राज्यं देशातून फुटून निघाली होती. चार महिन्यांची ती पोकळी.

पायरी ४: एकच बिल घ्या आणि जन्मापासून सहीपर्यंत त्याच्या मागे चाला

ही खरी पायरी. बाकीच्या घाईत उरकल्या तरी चालतील, ही नाही. मी १९६४ चा नागरी हक्क कायदा सुचवते, कारण काँग्रेसमध्ये बिल अडवायच्या जेवढ्या जागा आहेत तेवढ्या सगळ्या त्याच्या वाटेत आल्या.

११ जून १९६३ ला केनेडीने टीव्हीवर भाषण करून सांगितलं की असा कायदा हवा. हॉटेल, थिएटर, दुकानं, नोकऱ्या इथला रंगभेद बंद. बिल हाऊसमध्ये गेलं, नंबर एच. आर. ७१५२, आणि पोचलं ज्युडिशियरी कमिटीकडे. कमिटीचा चेअरमन इमॅन्युएल सेलर, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा डेमोक्रॅट. हे नाव लिहून ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे. त्याच कमिटीतला वरिष्ठ रिपब्लिकन विल्यम मॅककलक, ओहायोतल्या ग्रामीण भागाचा, त्याच्या मतदारसंघात काळे मतदार फार थोडे, म्हणजे या बिलातून त्याला एक मत वाढून मिळणार नव्हतं. तरी तो उभा राहिला आणि अट एकच घातली, की हाऊसने पास केलेलं बिल सिनेटमध्ये नेऊन पोकळ करायचं नाही. त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

कमिटीतून बिल निघालं पण हाऊसमध्ये बिल थेट चर्चेला येत नाही, मध्ये रूल्स कमिटी असते, ती ठरवते कुठलं बिल कधी आणि किती तास. तिचा चेअरमन हॉवर्ड स्मिथ, व्हर्जिनियाचा, पक्ष डेमोक्रॅटिक म्हणजे केनेडीचाच, आणि कट्टर विरोधक. त्याने बिल दाबून ठेवलं. मतदान नाही, भाषण नाही, नुसती बैठकच बोलवायची नाही. २२ नोव्हेंबरला केनेडीची हत्या झाली, पाच दिवसांनी नवा प्रेसिडेंट लिंडन जॉन्सनने काँग्रेससमोर उभं राहून हे बिल पास करा म्हणून सांगितलं, तरी बिल तिथेच.

मग सेलरने डिस्चार्ज पिटिशन काढलं. म्हणजे काय, तर हाऊसमधल्या २१८ जणांनी सह्या केल्या की कमिटीच्या हातून बिल काढून घेता येतं. आकडे पाठ करा म्हटलं ते यासाठी. सह्या वाढायला लागल्या, अपमान होईल असं दिसलं आणि स्मिथने जानेवारीत बैठका घेतल्या. १० फेब्रुवारी १९६४ ला हाऊसने बिल पास केलं, २९० विरुद्ध १३०. चर्चेत स्मिथनेच एक दुरुस्ती आणली होती, नोकरीतल्या भेदभावाच्या यादीत "लिंग" हा शब्द घालायची. बिल बुडावं म्हणून आणली की मनापासून आणली यावर अजून वाद आहेत, पण शब्द राहिला आणि तिथल्या बायकांना नोकरीत जे कायदेशीर संरक्षण मिळालं त्याचा मोठा भाग त्या एका शब्दावर उभा आहे.

आता सिनेट. तिथल्या ज्युडिशियरी कमिटीचा चेअरमन मिसिसिपीचा जेम्स ईस्टलँड, त्याच्याकडे बिल गेलं असतं तर ते परत दिसलं नसतं. बहुमताचा नेता माइक मॅन्सफिल्ड याने कमिटी टाळून बिल सरळ सिनेटच्या कामकाजात घेतलं. आणि मग फिलिबस्टर सुरू झाला.

फिलिबस्टर म्हणजे बोलत राहायचं. सिनेटमध्ये बोलायला वेळेची मर्यादा नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे बहुमत नाही ते आळीपाळीने तासन्‌तास बोलतात आणि मतदानाची वेळच येऊ देत नाहीत. १९५७ मध्ये साउथ कॅरोलायनाचा स्ट्रॉम थरमंड एकटा २४ तास १८ मिनिटं बोलला होता. हे थांबवायला क्लोचर नावाचा ठराव लागतो, तो नियम १९१७ साली आला, तेव्हा त्याला दोन तृतीयांश मतं लागायची, १९७५ मध्ये ते ६० वर आणलं. म्हणजे १९६४ मध्ये आकडा होता ६७. आणि त्या दिवसापर्यंत नागरी हक्कांच्या एकाही बिलावर क्लोचर कधी मिळालेला नव्हता. मी वर म्हटलं ना, आधी का नाही झाला, त्याचं मोठं उत्तर हे. बहुमत असून उपयोग नव्हता, ६७ कधीच जमत नव्हते.

दक्षिणेच्या गटाचा पुढारी जॉर्जियाचा रिचर्ड रसेल, बिलाची बाजू सांभाळायला मिनेसोटाचा ह्युबर्ट हम्फ्री, आणि चावी कोणाच्या हातात, तर रिपब्लिकन नेता इलिनॉयचा एव्हरेट डर्कसन याच्या. डेमोक्रॅट ६७ होते पण त्यातले वीसच्या वर दक्षिणेचे, विरोधातले. म्हणजे रिपब्लिकन मतांशिवाय काहीच होणार नव्हतं. हम्फ्री आठवडेच्या आठवडे डर्कसनच्या खोलीत बसून कलमा-कलमावर बोलला, शब्द बदलले, गाभा ठेवला. तीन महिने सिनेटमध्ये दुसरं काही मोठं काम झालं नाही. ९ जूनच्या रात्री वेस्ट व्हर्जिनियाचा रॉबर्ट बर्ड बोलायला उभा राहिला तो १४ तास १३ मिनिटं बोलून दुसऱ्या दिवशी सकाळीच थांबला.

१० जूनला क्लोचरवर मतदान. एकेकाचं नाव पुकारायचं आणि त्याने होय किंवा नाही म्हणायचं. कॅलिफोर्नियाचा क्लेअर एंगल हा सिनेटर मेंदूच्या ट्यूमरने आजारी होता, त्याला व्हीलचेअरवरून आत आणलं होतं. त्याचं नाव पुकारलं. बोलता येत नव्हतं. इंग्रजीत सभागृहात होकाराला "आय" म्हणतात आणि डोळ्यालाही "आय" म्हणतात, तर त्याने हात हळूहळू वर नेला आणि आपल्या डोळ्याकडे बोट केलं. मत मोजलं गेलं. ७१ विरुद्ध २९. जुलै संपायच्या आत एंगल गेला.

१९ जूनला सिनेटने बिल पास केलं, ७३ विरुद्ध २७. २ जुलैला हाऊसने सिनेटचे बदल मान्य केले आणि त्याच संध्याकाळी जॉन्सनने सही केली. सही करतानाचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण मॅककलक, डिस्चार्ज पिटिशन, ईस्टलँडची टाळलेली कमिटी, डर्कसनची खोली आणि एंगलचं बोट हे सगळं त्या फोटोच्या आधी घडलेलं आहे.

पायरी ५: पक्षाचं नाव वाचून माणूस ओळखू नका, राज्य बघा

आता त्याच मतदानाची फोड करून बघा. हाऊसमधल्या २९० होकारात १५२ डेमोक्रॅट आणि १३८ रिपब्लिकन. १३० नकारात ९६ डेमोक्रॅट, ३४ रिपब्लिकन. नुसतं असं मांडलं की लोक म्हणतात बघा, डेमोक्रॅटच विरोधात होते. पण राज्यांप्रमाणे मांडा. यादवी युद्धात फुटलेल्या अकरा राज्यांमधले डेमोक्रॅट ७ बाजूने आणि ८७ विरोधात, बाकीच्या देशातले डेमोक्रॅट १४५ बाजूने आणि ९ विरोधात. दक्षिणेतले रिपब्लिकन दहाच होते, दहाही विरोधात. रेघ पक्षाची नव्हती, प्रदेशाची होती.

ही रेघ कुठून आली ते समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये निघाला तोच गुलामगिरीचा प्रसार थांबवायला. ३१ जानेवारी १८६५ ला हाऊसने गुलामगिरी बंद करणारी १३ वी घटनादुरुस्ती ११९ विरुद्ध ५६ ने पास केली. १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा पहिला काळा सिनेटर आला. आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली "गुलामगिरी" हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केलं, ते याच काळात, जेव्हा तिकडे काळे प्रतिनिधी काँग्रेसमध्ये बसत होते. पुण्यात बसून त्यांनी ही गोष्ट किती बारकाईने पाहिली असेल याचा विचार मनात आला की मला अजून भरून येतं.

पण चारच वर्षांत ते मोडलं. १८७६ ची निवडणूक अडकली, तीन दक्षिणी राज्यांचे निकाल वादात, पंधरा जणांचा आयोग नेमला, आयोगाने प्रत्येक वादात ८ विरुद्ध ७ असा कौल दिला आणि रिपब्लिकन हेज १८५ विरुद्ध १८४ इलेक्टोरल मतांनी प्रेसिडेंट झाला. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांमागे उभं असलेलं केंद्राचं सैन्य हटवलं गेलं आणि गोऱ्या डेमोक्रॅटांची तिथे एकहाती सत्ता आली. १९०१ नंतर थेट १९२९ पर्यंत काँग्रेसमध्ये एकही काळा सदस्य नव्हता. दक्षिणेत दुसरा पक्षच उरला नाही म्हणून तिथले डेमोक्रॅट वर्षानुवर्षं बिनधोक निवडून यायचे, ज्येष्ठता वाढायची, आणि ज्येष्ठतेने कमिट्यांचं चेअरमनपद मिळायचं. स्मिथ आणि ईस्टलँड त्या जागांवर कसे बसले होते ते आता लक्षात आलं असेल.

१९६४ नंतर पुढे काय झालं, तर थरमंड त्याच सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन झाला. नोव्हेंबरात रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर, ज्याने या बिलाविरुद्ध मत दिलं होतं, तो देशभर सपाटून हरला, ४८६ विरुद्ध ५२, पण त्याने जिंकलेली सहा राज्यं बघा: स्वतःचं ॲरिझोना आणि मग लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना. बाकीचा बदल एका रात्रीत झाला नाही, काँग्रेसच्या जागा फिरायला तीसेक वर्षं गेली, १९९४ मध्ये रिपब्लिकननी ५४ जागा वाढवून चाळीस वर्षांनी हाऊस जिंकलं तेव्हा ते पुरं दिसलं. आणि तो लाल-निळा रंग पक्का झाला २००० च्या निवडणुकीनंतर, त्याच्या आधी चॅनेलवाले मनाला येईल ते रंग वापरायचे. जुन्या नकाशात लाल दिसलं तर खाली सूची वाचा.

पायरी ६: आता प्रेसिडेंट घ्या, पण प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा

त्याच्या वेळी हाऊस कोणाकडे होतं आणि सिनेट कोणाकडे? कागदावर दोन रकाने करा आणि भरा, एवढंच.

वुड्रो विल्सन पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसहून तह घेऊन आला, लीग ऑफ नेशन्स ही त्याची कल्पना, आणि त्याचाच देश लीगमध्ये गेला नाही. का, तर १९१८ च्या मध्यावधी निवडणुकीत (म्हणजे प्रेसिडेंटच्या मुदतीच्या मधोमध ठरलेल्या वेळी होणारी) सिनेट थोडक्यात रिपब्लिकनांकडे गेली होती आणि तहाला दोन तृतीयांश सिनेट लागते. १९ मार्च १९२० ला शेवटचं मतदान झालं ४९ विरुद्ध ३५, सात मतं कमी पडली. त्यातही विल्सनने स्वतःच आपल्या लोकांना सांगितलं होतं की सिनेटने अटी घातलेला तह नको, नाकारा, आणि त्याच्या पक्षाच्या बऱ्याच जणांनी तसंच केलं.

फ्रँकलिन रूझवेल्टचं उलट. १९३६ मध्ये ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली, सिनेटमध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त त्याचे लोक. आणि १९३७ मध्ये त्याने सुप्रीम कोर्टात सहापर्यंत जादा न्यायाधीश नेमायची योजना आणली तर त्याच सिनेटने ७० विरुद्ध २० ने ती कमिटीकडे परत पाठवून दिली. पक्षाची मेजॉरिटी म्हणजे प्रेसिडेंटची मेजॉरिटी नव्हे, तिथे आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही, व्हिप मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही. सरकार पण पडत नाही. लोकसभेच्या सवयीने वाचणाऱ्याला हे पचायला वेळ लागतो, लागू द्या.

व्हेटोचा रकाना पण करा. पहिल्या सहा प्रेसिडेंटनी मिळून दहा व्हेटो वापरले. अँड्र्यू जॅक्सनने एकट्याने बारा, त्यातला १८३२ चा राष्ट्रीय बँकेच्या बिलावरचा व्हेटो वाचाच. त्याच्या आधी व्हेटो बहुतेक घटनेत बसत नाही म्हणून वापरायचे, जॅक्सनने हे धोरणच चुकीचं आहे म्हणून वापरला आणि तिथून प्रेसिडेंट हा कायदे बनवण्यातला खेळाडू झाला. अँड्र्यू जॉन्सनने २९ वापरले आणि काँग्रेसने त्यातले १५ फिरवले, १८६६ चा नागरी हक्क कायदा त्यातच, आणि १८६८ मध्ये तोच महाभियोगात एका मताने वाचला.

लोकांची मतं कमी पडूनही जिंकलेले पाच: १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६. यातली १८२४ आधी वाचा. जॅक्सनला ९९ इलेक्टोरल मतं, जॉन क्विन्सी ॲडम्सला ८४, बहुमत कोणालाच नाही म्हणून निर्णय हाऊसकडे गेला. अशा वेळी हाऊसमध्ये प्रत्येक राज्याला एकच मत असतं, आणि स्पीकर हेन्री क्लेने ॲडम्सला पाठिंबा दिला, ॲडम्स जिंकला, क्ले परराष्ट्रमंत्री झाला. जॅक्सनने पुढची चार वर्षं हा सौदा म्हणून गावभर सांगितला आणि १८२८ मध्ये जिंकला.

पायरी ७: मूळ कागद बघायची सवय लावा

सगळं फुकट आहे आणि मोबाइलवर पण उघडतं. १९७३ पासूनची बिलं काँग्रेसच्या स्वतःच्या साइटवर, काँग्रेस डॉट गव्ह. त्याच्या आधीच्या चर्चांसाठी काँग्रेशनल रेकॉर्ड, ते १८७३ पासून आहे. १७८९ पासूनचं प्रत्येक नोंदवलेलं मतदान, कोणी कुठे मत दिलं, नकाशासकट, व्होटव्ह्यू या साइटवर. भाषणं आणि व्हेटोचे निरोप अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्टवर. आणि व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरकडे जॉन्सनचे रेकॉर्ड केलेले फोन आहेत, ते ऐका. कमिटीचे चेअरमन, सिनेटर यांच्याशी तो कसा बोलतो, कधी गोड, कधी गळ्यात पडून, कधी दरडावून, ते कानांनी ऐकल्यावर मतं गोळा करणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

पहिल्या दिवशी फक्त एवढं करा: व्होटव्ह्यूवर ८८ वी काँग्रेस उघडा, १० जून १९६४ चं क्लोचरचं मतदान काढा आणि २९ नकारांची राज्यं वहीत लिहा.

पायरी ८: एका सदस्याचा हात धरून पन्नास वर्षं चाला

बिलानंतर माणूस घ्या. मी सेलरचं नाव लिहून ठेवायला सांगितलं होतं. तो १९२३ मध्ये हाऊसमध्ये आला. लगेच पुढच्या वर्षी, १९२४ मध्ये, असा इमिग्रेशन कायदा आला की कुठल्या देशातून किती माणसं घ्यायची याचे कोटे, आणि आशियातून जवळजवळ कोणीच नाही. भारतीयांना तर १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्यात सुप्रीम कोर्टाने नागरिकत्वच नाकारलं होतं. नवखा सेलर या बिलाविरुद्ध बोलला आणि हरला. १९४६ मध्ये त्याने आणि कनेटिकटच्या रिपब्लिकन क्लेअर बूथ ल्यूस यांनी मिळून कायदा केला, भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि कोटा वर्षाला १००. शंभर म्हणजे अख्ख्या देशातून शंभर. पण त्याच कायद्यामुळे दलीप सिंग सौंद नागरिक होऊ शकला आणि १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून हाऊसमध्ये निवडून आला.

आणि १९६५ मध्ये, ८९ व्या काँग्रेसमध्ये, गोल्डवॉटरबरोबर रिपब्लिकन पडल्यामुळे डेमोक्रॅटांची मेजॉरिटी फुगलेली असताना, सेलर आणि मिशिगनचा सिनेटर फिलिप हार्ट यांचा कायदा पास झाला, सिनेटमध्ये ७६ विरुद्ध १८. देशावरून ठरणारे कोटे गेले. ३ ऑक्टोबर १९६५ ला जॉन्सनने स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी सही केली. पहिल्याच टर्ममध्ये हरलेली लढाई सेलरने ४१ वर्षांनी जिंकली. न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइट इथे आज जी मराठी मंडळं गणपती बसवतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचा अमेरिकेतला रस्ता त्या ७६ मतांतून गेलेला आहे. २०२२ मध्ये हार्टच्याच मिशिगनमधून, डेट्रॉइटच्या भागातून, बेळगावात वाढलेले मराठी माणूस श्री ठाणेदार हाऊसवर निवडून आले.

सेलर १९७२ मध्ये पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत हरला, जवळजवळ पन्नास वर्षांनी. हरवणारी एलिझाबेथ होल्ट्झमन, वय ३०. तिला जागा मिळाली त्याच ज्युडिशियरी कमिटीत, जिचा तो इतकी वर्षं चेअरमन होता. आणि २७ जुलै १९७४ ला त्या कमिटीने निक्सनवरच्या महाभियोगाचं पहिलं कलम २७ विरुद्ध ११ ने पास केलं तेव्हा २७ मध्ये तिचं मत होतं. त्या अकरा जणांची नावं काढा आणि पुढच्या दोन आठवड्यांत, निक्सनच्या ऑफिसातल्या बोलण्याची टेप बाहेर आल्यावर, ते काय म्हणाले ते वाचायला घ्या.